पत्रवाहक होतकरू आहे

डहाणूची भौगोलिक थोरवी सांगायची तर आमच्या एका बाजूला जमनालाल बजाज आहे आणि दुसऱ्या बाजूला आयआयएम अहमदाबाद. मध्ये फक्त पश्चिम रेल्वे. डहाणू रोडहून चर्चगेट 124 किलोमीटर. 2013 साली लोकल इथवर आली, तेव्हापासून थेट गाडी सापडली तर मध्ये कुठे बदलायचंही काम नाही. चर्चगेटला उतरायचं, चार पावलं चालायचं, की बी रोडवर जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट. उलट्या दिशेची गाडी पकडली तर अहमदाबाद. देशात फार थोड्या गावांच्या नशिबी असा योग असेल. तरीही या दोन्ही दिशांना आमच्याकडून वर्षानुवर्षं नेमानं गेले ते चिकू.

तलासरीचं आणखी निराळं. गावाला स्टेशन नाही, पण मुंबई–अहमदाबाद महामार्ग आहे. मॅनेजमेंट शिकलेली मंडळी त्याच्यावरून रोज मोटारीनं जातात, चहाला थांबतात, ‘गुजरात अजून किती?’ एवढं विचारतात आणि पुढं सटकतात.

अलीकडे मात्र आमच्याकडची मुलं एमबीएचे फॉर्म भरू लागलीत. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो. इंग्रजीचा मास्तर निवृत्त झाला की लोकांना तो दोनच कामांसाठी आठवतो, लग्नपत्रिका आणि अर्ज. तेव्हा हे फॉर्म हटकून माझ्याकडे येतात. ‘सर, जरा नजर टाका,’ असं म्हणत येतात आणि नजर टाकता टाकता संध्याकाळ होते. मुलाबरोबर कधी वडीलही असतात. दाराशी चपला काढून बाकाच्या अगदी कडेवर बसतात, सगळं ऐकून घेतात आणि शेवटी एकच शंका विचारतात. ‘सर, हा बिझनेस शिकणार आणि मग नोकरीच करणार?’

या प्रश्नावर देशातल्या भल्याभल्या संस्थांची इतकी वर्षं पंचाईत झालेली आहे, तिथं माझी काय कथा! जमनालाल बजाज 1965 साली सुरू झाली, तीही अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या सहकार्यानं. तिथून शिकून उदय कोटक बाहेर पडले, त्यांनी बँक काढली. तिथूनच शिकून नितीन परांजपे बाहेर पडले, ते हिंदुस्थान युनिलिव्हरमध्ये नोकरीला लागून सर्वांत वरच्या खुर्चीपर्यंत गेले. मी वडिलांना दोन्ही नावं सांगतो. ‘म्हणजे फिफ्टी-फिफ्टी,’ म्हणून ते समाधानानं उठतात.

फॉर्मचा पहिला भाग सोपा असतो. नाव, पत्ता, मार्क. राज्याच्या सीईटीला तर पुढचं काही नसतंच. दीडशे मिनिटांत दोनशे प्रश्न, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे शेवटच्या पाच मिनिटांत सगळा महाराष्ट्र एकदिलानं गोळ्या काळ्या करतो. हल्ली त्या माऊसनं करतात, एवढाच फरक. खरी गंमत सुरू होते ती जिथं निबंध मागतात तिथं. ‘तुमच्या नेतृत्वगुणाचा एखादा प्रसंग लिहा.’ मुलगा पेन टेकवून बसतो.

‘काही केलंयस का रे पुढाकार घेऊन?’

‘नाही सर.’

मग चहा होतो, इकडच्यातिकडच्या गप्पा होतात आणि हळूहळू कळतं की पाड्यातल्या बायकांच्या बचत गटाची वही हा आठवीत असल्यापासून लिहितो. बँकेचा माणूस आला की त्याच्याशी हाच बोलतो. दोघींचं हप्त्यावरून वाजलं तेव्हा समेटही यानंच घडवला. चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेत मामाचं दुकान सांभाळतो, कुठला माल किती भरायचा आणि कुठला शेवटच्या दिवशी पडेल त्या भावानं काढायचा हे याला पाठ आहे.

‘अरे, मग हेच लिही की!’

‘हे नेतृत्व नाही सर. हे घरचं काम आहे.’

इथं रंगमंचावर दादा येतो. दादा म्हणजे एखाद्या बी-स्कूलमध्ये आधी शिकून गेलेला कुणीतरी. मित्राच्या मावसभावाचा रूममेट, नाहीतर आश्रमशाळेत तीन वर्षं पुढं असलेला. तो पवईला किंवा पुण्याला असतो आणि रात्री दहानंतर फोनवर मिळतो. बचत गटाची वही ऐकून तो खूश होतो, हे त्याचं पुण्य. आपल्या पोराला जे घरकाम वाटतं ते दाखवण्याजोगं आहे, हे बाहेर जाऊन आलेल्यालाच कळतं. पण खूश होऊन तो तिथं थांबला तर दादा कसला! तो मजकूर ‘जरा नीट’ करून पाठवतो. दुसऱ्या दिवशी मुलगा जो कागद आणतो त्यात बचत गटाचा ‘ग्रामीण सूक्ष्मवित्त उपक्रम’ झालेला असतो, मामाचं दुकान ‘हंगामी किरकोळ विक्री व्यवस्थापन’ झालेलं असतं, आणि दोन बायकांचं भांडण कुठल्या थराला गेलंय ते सांगायची सोय नाही.

चिकू उतरवल्यावर धुऊन-पुसून त्याच्यावरची खरबरीत भुकटी काढतात, ते मी जन्मभर बघत आलोय. बाजारात त्यानं भाव येतो हे खरं. पण एकदा पुसल्यावर घोलवडच्या कुठल्या वाडीतला कुठला, हे त्या वाडीवाल्यालाही ओळखू येत नाही. दादांनी घासूनपुसून दिलेले निबंध असेच असतात. गडचिरोलीचा, गोंदियाचा, तलासरीचा, सगळे एका करंडीतले. म्हणून मी एवढंच करतो की त्या भांडणाऱ्या दोन बायकांना पुन्हा निबंधात आणून बसवतो. परीक्षकानं हजार ‘उपक्रम’ वाचलेले असतात. ‘हप्ता बुडवला ती माझी सख्खी काकू होती’ हे वाक्य त्यानं वाचलेलं नसतं.

दादा बाहेरगावचा असला तर वेगळीच तऱ्हा. त्याला डहाणू म्हटलं की वारली चित्र आठवतं आणि वारली चित्र म्हटलं की तारपा नाच. ‘टीमवर्कवर तारपाच घाल,’ असा त्याचा सल्ला. आता तारपा वाजवणाऱ्याकडे कधी पाठ करायची नाही, हा त्या नाचातला दंडक. त्यातून कॉर्पोरेट निष्ठा काढता येते, नाही असं नाही. पण ज्या मुलाला हा सल्ला मिळाला तो लाजाळू. लहानपणापासून नाचात कडेला उभा राहणारा. त्यानं काय लिहायचं?

वाटाघाटींचा अनुभव असाही एक रकाना असतो. तिथं मला नेहमी वाटतं की तलासरीच्या पोरानं मान ताठ करून लिहावं. 1945 साली याच तालुक्यातल्या झरी गावी वारल्यांची सभा भरली, शामराव आणि गोदावरी परुळेकर तिथं होते, आणि वेठ करणार नाही असं ठरलं. मागची पिढी लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी ‘लग्नगडी’ होऊन सावकाराच्या वाडीत राबत होती. पाचशे पौंड गवत कापायचे अडीच रुपये द्या, ही त्यांची मागणी होती. दर ठरलेला, माप ठरलेलं आणि काम बंद ठेवायची तयारी. मोठाल्या कंपन्यांच्या वाटाघाटी ज्या पुस्तकांतून शिकवतात त्यांतही मूळ सामग्री याहून वेगळी नसते. पण ज्याच्या आज्यानं हे केलं त्या नातवाला ते रकान्यात बसेल असं वाटत नाही. ‘ते जुनं झालं सर,’ म्हणतो.

माजी विद्यार्थ्यांचं जाळं वगैरे शब्द आत्ताचे. काम जुनंच आहे. पूर्वी मास्तर चिठ्ठी द्यायचे. ‘पत्रवाहक माझा विद्यार्थी असून होतकरू आहे, शक्य ते साहाय्य व्हावे.’ एवढ्या भांडवलावर मुलं मुंबई-पुण्याला जात, कुणाच्या तरी ओसरीवर पथारी टाकत, सात घरी वार लावून जेवत आणि पुढं हायकोर्टात वकिली करत. आता होतकरू म्हणजे काय हे त्या चिठ्ठीत कधी फोड करून सांगितलेलं नसे, पण वाचणाऱ्याला कळे. त्याचं कारण असं की लिहिणारा, वाचणारा आणि पत्रवाहक हे बहुधा एकाच आळीतले असत. आळीबाहेरच्याला चिठ्ठी कोण देणार आणि वार कोण लावणार? हे शाहू महाराजांनी बरोबर हेरलं आणि 1901 पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहं उघडून दिली. ज्यांना ओसरी नव्हती त्यांना बांधून दिली. त्या वसतिगृहांतून शिकलेले पुढं एकमेकांच्या उपयोगी पडले, गावाकडून आलेल्या पोरांच्याही पडले. जाळं म्हणतात ते असं विणलं गेलं.

आमच्याकडे बोर्डीला 1920 साली सुनाबाई पेस्तनजी हकीमजी हायस्कूल निघालं. आचार्य भिसे, चित्रे गुरुजी यांच्यासारखी माणसं तिथं आयुष्यभर राहिली. त्या शाळेचे माजी विद्यार्थी आजही जगात कुठे कुठे भेटतात आणि बोर्डीचं नाव काढलं की खुलतात. पण वाडीवाल्याचा मुलगा आणि त्या वाडीत चिकू उतरवणाऱ्याचा मुलगा यांच्या ओळखी सारख्या नसतात. पहिल्याला जेवणाच्या टेबलावर कळतं की कॅट नोव्हेंबरात असते, फॉर्म ऑगस्टच्या सुमारास निघतात आणि मुलाखतीला काय घालायचं असतं. दुसऱ्याच्या घरी टेबल नाही. असतं तरी त्याच्यावर ही माहिती वाढायला कुणी नाही.

म्हणून म्हणतो, दादाचा खरा उपयोग निबंधात नाही, कागदपत्रांत आहे. राज्याच्या प्रवेशाला आदिवासी मुलाला जात वैधता प्रमाणपत्र लागतं. आयआयएमला केंद्राच्या नमुन्यातला जमातीचा दाखला लागतो, राज्याचा दाखवला तर चालत नाही. हे दोन वेगळे कागद आहेत ही गोष्ट माहितीपत्रकात लिहिलेली असते, पण कुठल्यातरी जोडपत्रात, बारीक टायपात. पटते मात्र दादानं फोनवर दोनदा सांगितल्यावरच. वैधतेसाठी वंशावळ लागते, शपथपत्र लागतं आणि 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा पुरावा असेल तर दुधात साखर. नातवाला बी-स्कूलमध्ये जायचं असेल तर आज्याचा शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा काढून आणा. आजा त्या सुमारास शाळेत नव्हता. तो गवत कापत होता, दर वर सांगितलाच आहे.

कागद अपुरे वाटले तर पुढची पायरी चौकशीची. दक्षता पथक पाड्यावर येतं. देव कोणते? हिरवा, हिमाय, नारनदेव. लग्न कोण लावतं? धवलेरी. चौकात काय काढतात? पालघाट देवी. घरची म्हातारी माणसं ही उत्तरं झोपेतही देतात, पोरगा मात्र वसतिगृहात वाढलेला, तो चाचरतो. म्हणजे बघा, एका मुलाखतीत आपण पुरेसे वारली आहोत हे पटवायचं आणि तीन महिन्यांनी दुसऱ्या मुलाखतीत आपण पुरेसे मॅनेजर आहोत हे पटवायचं. दोन्हीकडे टायशिवाय गेलेलं बरं, असं मला वाटतं, पण दादा म्हणतो की दुसरीकडे टाय लागतो.

कागदांसारखाच परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या मुक्कामालाही दादाच लागतो. कॅटची पहिली पाळी सकाळी साडेआठला सुरू होते, हजर त्याच्याही आधी व्हायचं. केंद्र नवी मुंबईत आलं तर तलासरीहून निघायचं कधी? आदल्या दिवशीच. आणि टेकायचं कुठे? नालासोपाऱ्याच्या एका खोलीत चौघं राहतात, त्यांतला एक दादा आहे. त्याच्या खोलीत गादीला जागा नसते, पण चटईला असते. रात्री तो सांगतो की गणिताचा भाग शेवटी येतो, तोवर डोकं शाबूत ठेव. सकाळी तोच ट्रेनमध्ये चढवून देतो, कारण विरार बाजूच्या गर्दीत शिरणं ही प्रवेश परीक्षेच्या आधीची प्रवेश परीक्षा आहे. कुठल्याही क्लासच्या फीमध्ये ही सेवा नाही.

मुलाखतीत आमच्याकडच्या मुलांना काय विचारणार हेही दादांना आता पाठ झालंय. पहिला प्रश्न वारली चित्रांचा. ‘तुला काढता येतं का?’ हे इतक्या प्रेमानं विचारतात की नाही म्हणणं जिवावर येतं. खरं तर लग्नचौक लिहायचं काम परंपरेनं सुवासिनींचं. गंजाडच्या जिव्या सोमा मशेंनी कुंचला हातात घेतला, त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, आणि तेव्हापासून डहाणू तालुक्यातल्या प्रत्येक पुरुषाला चित्रकार समजायची पद्धत पडली. तेव्हा जिव्या मशे सांगायचे, सुवासिनींची परंपरा सांगायची आणि ‘मला काढता येत नाही, आईला येतं’ असं सरळ म्हणायचं. या उत्तरावर परीक्षक हसले आणि पुढचा प्रश्न आईविषयी आला, असं एकीनं मला येऊन सांगितलं.

दुसरा प्रश्न वाढवण बंदराचा. तो चुकत नाही. 1991 साली केंद्रानं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला, पुढं सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आलं, आणि आता त्याच किनाऱ्यावर 76,220 कोटींचं बंदर. ऑगस्ट 2024 मध्ये पायाभरणी झाली. मच्छीमारांचा विरोध कायम आहे. ‘तुझं मत काय?’ दादाचा सल्ला असा की कुठलीही बाजू घे, पण आकडा चुकवू नको. माझं वेगळं आहे. ज्याच्या घरचं जाळं त्या समुद्रात पडतं त्यानं जाळ्याबद्दल बोलावं आणि ज्याचा भाऊ नोकरीची वाट बघतोय त्यानं नोकरीबद्दल. परीक्षकांना समतोल उत्तरं दिवसभर मिळत असतात. समोर बसलेल्या माणसाचं काय पणाला लागलंय ते ऐकायला मिळणं अवघड.

आता थोडी तक्रार. सगळेच दादा काही नालासोपाऱ्याचे नसतात. काहींना फक्त भाषण करायचं असतं. मुलगा विचारतो, ‘केंद्राच्या नमुन्याचा दाखला कुठल्या कार्यालयात मिळेल?’ तिकडून उत्तर येतं, ‘स्वप्नं मोठी बघ.’ मुलगा पुन्हा विचारतो. तिकडून हात जोडल्याचं चित्र येतं. काही जण ग्रुप काढतात, दोनशे जण भरतात आणि त्यावर सकाळी सुप्रभात टाकतात. काहींना आपण कुठून आलो हे विसरायचंच असतं. त्यांना मी दोष देत नाही. विसरण्यासाठीही काही जण शिकतात.

पण शिस्तीनं केलं तर काय होतं, याचंही उदाहरण महाराष्ट्रात आहे. लोणार तालुक्यातल्या खेड्यातून आलेल्या राजू केंद्रे यांनी 2017 साली यवतमाळला ‘एकलव्य’ सुरू केलं. घरातून पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना आधी शिकून गेलेल्यांशी जोडून द्यायचं आणि अर्जापासून मुलाखतीपर्यंत सोबत राहायचं, हे त्याचं काम. द्रोणाचार्यांनी शिकवायला नकार दिला तरी हरकत नाही, पुढच्या वर्गातल्या एकलव्यानं मागच्याला शिकवावं, एवढाच त्यातला मथितार्थ. अंगठा आपल्याकडेच राहतो.

आणि हे आमच्या भागाला नवीन तरी कुठे आहे? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1945 ला बोर्डीत आल्या, 1957 ला कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. बी-स्कूलनं कुरणात यावं असं माझं म्हणणं नाही, त्यांच्या फीमध्ये ते बसायचं नाही. पण तिथून पास होऊन बाहेर पडलेल्यांना यायला काय हरकत आहे? मे महिन्यात घरी आलात की तालुक्याच्या कॉलेजात एक दुपार बसा. यशाची कहाणी सांगू नका. वैधतेच्या अर्जाला कुठले कागद लागतात, शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर काय चुकतं, वसतिगृहाच्या मेसचं बिल साधारण किती येतं आणि पहिल्या सत्रात इंग्रजी कळलं नाही तेव्हा तुम्ही काय केलंत, तेवढं सांगा.

डहाणू-तलासरीतून पुढं गेलेल्या तुम्हा सर्वांना या होतकरू पत्रवाहकांच्या वतीनं माझी एवढीच विनंती आहे. फेब्रुवारी ते एप्रिल मुलाखतींचे दिवस असतात. त्या तीन महिन्यांत अनोळखी नंबर दिसला तर कर्ज विकणारा समजून कापू नका. पहिल्यांदा ते पोरगं काही बोलणार नाही, ‘दादा, जेवलात का?’ एवढंच विचारेल. थोडं थांबा. मूळ प्रश्न त्याच्यानंतर येतो.